लेकीच्या घरचं पहिलं पाणी

औरंगाबाद
२८ नोव्हेंबर १९८५

सखू,

दिवाळीचा चिवडा अजून डब्यात हाय, म्हणून तुझी आठवण काढायला मला लांब जावं लागत नाय. मी सांडूच्या खोलीवरच पडलोय. सांडू रात्रपाळीला गेला की त्याची खाट माझी, मी कंपनीत गेलो की खाट त्याची. बिचारी खाट कधी थंड होत नाय.

निघताना मामांनी जे सुनावलं ते कानात घुमतंय. "तिरंबका, नोकरी पक्की झाली, चांगलं झालं. पण लेक आन् नात मी अशी धाडणार नाय. आधी घर बघ. मी येऊन त्या घरचं पाणी पितो, मगच गाठोडं बांधायचं." हेच मामा माझ्या आईच्या घरी यायचे तेव्हा रांजण तळाला न्यायचे. भाच्याचा जावई केला तवापास्नं आमच्या दारात कडुनिंबाखाली बसतात आन् पाणी शेजाऱ्याच्या घरचं मागवतात. लेकीला लेकरू होईस्तोवर लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाय, ही रीत. कबूल. पण आता पुतळी झाली, माझ्याकडं बघून हसायला बी लागली, तरी मामांची तहान माझ्या घरावर अडून बसलीय. आन् घराचा पत्ता नाय.

गुलमंडीत एक खोली बघितली. जिना असा, की चढताना गुडघा हनुवटीला लागतो. मालकानं विचारलं, "पाव्हणेरावळे किती येतात?" शहाणा माणूस "कुणी नाय" म्हणाला असता. मी आपला खरं सांगत बसलो. सासरे, सासऱ्यांचे भाऊ, दवाखान्याला आलं तर निम्मं गाव. वर मीच म्हणालो, मेंढरं आली तर ती खाली रस्त्यावर राहतील, काळजी करू नका. मालकानं दार लावून घेतलं.

दुसरी खोली मुकुंदवाडीत, खालच्या गल्लीत. कंपनी सायकलीवर जवळ. पण गल्लीच्या तोंडाला नळ, आन् नळावर बाया अशा भांडत होत्या, की मी लांबूनच सायकल वळवली. त्यातली एक म्हातारी, द्वारकाबाई म्हणत व्हते तिला, माझ्यावरच वसकली, "ओ, काय बघायलात? तमाशा हाय का?" अशा गल्लीत माझ्या सखूला ठेवायचं? जमायचं नाय.

कार्ड स्वस्त म्हणून दोन कार्डांवर लिहितोय. आधी पहिलं वाच.

त्रिंबक

*

अजिंठा
७ डिसेंबर १९८५

अहो,

हात जोडते, इथून पुढं कार्ड लिहू नका. बन्सी पोस्टमननं दोन्ही कार्डं पारावर वाचली आन् मग घरी आणली, ती बी उलटी. आधी दुसरं वाचलं. साऱ्या गावाला वाटलं, तुम्ही नळावरच्या बायांच्या हातचा मार खाल्ला. दगडाबाई चुलती वाटीत हळद घेऊन आली, कुठं लागलं विचारायला. इनलँड घ्या आन् डिंकानं नीट चिकटवा.

पुतळी बरी हाय. तुमच्यावरच गेलीय. पोट भरलं की झोपती, घराची फिकीर नाय.

आबांना तुमची हकिकत सांगितली. ते म्हणाले, "त्याला म्हणावं, घाबरू नको. घर म्हणजे तरी काय, मेंढरांचा वाडाच. वाडा बसवायची जागा बघतो तसं बघ." आन् मग मला लिहूनच घ्यायला लावलं. जागा उंचावर पाहिजे, म्हणजे ओल धरत नाय. वारा मोकळा पाहिजे. उतार चारी अंगांनी पाहिजे. दुसऱ्याच्या कळपाचा आवाज ऐकू येणार नाय इतकं लांब बसायचं, नायतर कळप मिसळतात आन् रोगराई लागती. आबा म्हणतात, उभ्या जलमात आपलं एक मेंढरू ओलीनं मेलं नाय.

माझं बी तेच म्हणणं हाय. पोरीची छाती लगेच भरती, ओलीची खोली अजिबात नको. उंचावरच बघा. आन् भांडणाची गल्ली तर नकोच नको. मला भांडता येत नाय, तुम्हाला ठाऊकच हाय. हसू नका.

लवकर बघा. माहेरी तूपभात मिळतो, पण आता शेजारणी "जावयानं टाकली का काय" असं डोळ्यांनी विचारायल्यात.

सखू

*

औरंगाबाद
२२ डिसेंबर १९८५

सखू,

इनलँड घेतलंय, डिंक लावलाय. तरी उघडलं असंल तर बन्सी, तुला रामराम.

घर मिळालं! मामांना सांग, त्यांच्या तालमीतला गडी हाय मी. मुकुंदवाडीच्या पलीकडं माळावर नवे प्लॉट पाडलेत. साऱ्या माळात जे सगळ्यात उंच टेकाड, त्यावर एकच घर, आन् ते आपलं. दोन खोल्या, पुढं ओटा. चारी अंगांनी उतार. शेजारी कुणी नाय. रात्री उभं राहिलं की चिकलठाण्याच्या कंपन्यांचे दिवे दिसतात.

नुसतं बघून घेतलं नाय बरं का. रीतसर पारख केली. मूठभर माती उडवून वारा बघितला. टाच आपटून जमीन बघितली, टणक हाय. चारी कोपऱ्यांत उकिडवा बसलो आन् जमिनीचा वास घेतला. ओलीचं नाव नाय. घरमालक कडूबा म्हणून हाय, तो दारात उभा राहून बघत व्हता. शेवटी न राहवून म्हणाला, "भाऊ, काय हरवलं का?" मी म्हणालो, "हरवलं नाय, सापडलं." मला वाटलं लई भारी बोललो. त्याला वाटलं असणार, भाडं लवकर उरकून घ्यावं, माणूस शुद्धीवर यायच्या आत. तिथल्या तिथं चावी हातात दिली.

स्वयंपाकखोलीत नळ हाय! पितळी, नवा कोरा, चकचकीत. आपल्या खानदानात घरात नळ असलेला पहिला माणूस मी. मी तो फडक्यानं पुसून ठेवलाय.

आता मामांना म्हणावं, तहान राखून ठेवा.

त्रिंबक

*

अजिंठा
३१ डिसेंबर १९८५

अहो,

तुमचं पत्र मी मोठ्यानं वाचलं, आबांनी दोनदा वाचायला लावलं. टाच आपटल्याचं ऐकून मांडीवर थाप मारली. "पोराला जागा कळती," म्हणाले. आता पारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, माझ्या जावयानं औरंगाबादेत वाड्याची जागा धरलीय. लोकांना वाटतंय तुम्ही तिथं मेंढरं घेतली.

मी पुतळीला सांगितलं, आपलं घर लई उंच हाय, तिथनं तुझा बाप कंपनीत जाताना दिसंल.

नळाला पाणी कवा येतं ते कळवा. आबांनी ठरवलंय, नळाचंच पाणी प्यायचं, भरून ठेवलेलं नाय. लेकीच्या घरचं वाहतं पाणी, म्हणतात. मी कधी त्यांना कुठल्या गोष्टीसाठी इतकं उतावीळ बघितलं नाय. संक्रांत झाली की येणार हायत.

सखू

*

औरंगाबाद
९ जानेवारी १९८६

सखू,

पत्राला उशीर झाला. कामं लई असतात.

पाण्याची काळजी करू नको. पाणी रोज घरात येतं. सकाळी येतं, कधी सांजच्याला बी येतं. गोड हाय.

मामांना म्हणावं, घाई नको. घराला रंग द्यायचा चाललाय, वास डोक्यात चढतो. महिना, दोन महिने जाऊ द्या. उन्हाळ्यात आले तरी चालंल. नको, उन्हाळ्यात नको. पावसाळ्यात बघू.

माझी तब्येत ठीक. पाठ जरा धरलीय. सायकलीचं मागचं कॅरेज वाकलं आन् टायर फुटला, म्हणून पायी जातो. बाकी खुशाल. पुतळीचा मुका घे.

त्रिंबक

*

अजिंठा
१६ जानेवारी १९८६

अहो,

दोन खोल्यांना दोन महिने रंग? तुम्ही काय वेरूळचं लेणं कोरायलात का?

तुमची अक्षरं वाकडी आली की काहीतरी लपवलेलं असतं. लगीन ठरलं तेव्हा "मला पोहता येतं" म्हणून लिहिलं व्हतं, तेव्हा बी अशीच आली व्हती. खरं काय ते लिहा. घर गेलं का हातचं? का मी आन् पोरगी यायला नको झालोय? तसं असंल तर तसं लिहा, मी काय पदर पसरणार नाय.

आबांना मी थांबा म्हणाले तर ते म्हणाले, "रंगाचा वास मेंढरापेक्षा वाईट असतो का?" उद्या पहाटेच्या यष्टीनं निघतायत. नातीसाठी विणून घेतलेली घोंगडी बी संगं घेतलीय, घरात आधीच अंथरून ठेवायला. हे पत्र तुम्हाला मिळंल तवा आबा तिथं असतील नायतर येऊन गेलेले असतील.

सखू

*

औरंगाबाद
२२ जानेवारी १९८६

सखू,

तुझं पत्र आत्ता मिळालं. मामा येऊन गेले. आता लपवायला काही उरलं नाय, म्हणून सगळं सांगतो. अक्षर सरळ येतंय का बघ.

त्या पितळी नळातनं आजवर पाण्याचा एक थेंब आलेला नाय. उघडला की "सूऽऽ" करतो, म्हाताऱ्यासारखा श्वास टाकतो आन् गप. राहायला गेलो त्या दिवशी कडूबाला विचारलं तर म्हणाला, "इतक्या उंचावर पाणी चढत नाय भाऊ. मला वाटलं तुम्हाला ठाऊक हाय. तुम्ही एवढी पारख केली, पाण्याचं काही विचारलंच नाय!"

खरंच की. मी वारा बघितला, ओल बघितली, उतार बघितला. मामांनी सगळं सांगितलं, तू सगळं लिहिलं. पाण्याचं कुणीच काढलं नाय. का काढू? वाड्याला पाणी कशाला लागतं? मेंढरू पाण्यावर चालत जातं, पिऊन चालत येतं. सखू, मी तुझ्यासाठी नाय, मेंढरांसाठी घर घेतलं.

पाणी रोज घरात येतं लिहिलं ते खोटं नव्हतं. सायकलीला दोन कॅन बांधून मीच आणत व्हतो. कुठनं? खालच्या गल्लीतनं. त्याच नळावरनं. पहिल्या दिवशी मी मधेच कॅन लावला तर द्वारकाबाईनं माझा, माझ्या कॅनचा आन् माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, "बायको कुठंय?" सांगितलं, तशी म्हणाली, "मग नंबर लावून उभा ऱ्हा, बायकोवानी." तवापास्नं बायांच्या लाइनीत मी एकटा बाप्या. त्या मला टेकाडावरची वहिनी म्हणतात.

आता मामांचं ऐक. मी कामावरनं येऊन बघतो तर मामा ओट्यावर. चारीकडं नजर फिरवून म्हणाले, "जागा लई झकास. पाचशे मेंढरू आरामात बसंल." मी हुरळलो. पाव्हणा दारात आला की आधी पाय धुवायला पाणी द्यायचं, ही आपली रीत मला बरोबर आठवली. भरलेली बादली पुढं ठेवली. मामा यष्टीतनं आलेले, धूळ गुडघ्यापर्यंत. त्यांनी मनसोक्त पाय धुतले. मग हात, मग तोंड, मग खळखळून चूळ भरली. मी आपला कौतुकानं बघतोय. बादली पालथी झाली तवा डोक्यात उजेड पडला, की घरातलं सगळं पाणी मामांच्या पायावर गेलं.

मामांनी पटका काढून बाजूला ठेवला. मांडी घातली. घोंगडी पुढं अंथरली. म्हणाले, "आण तिरंबका. लेकीच्या घरचं."

मी आत जाऊन नळ उघडला. "सूऽऽ." देवाचं नाव घेऊन पुन्हा उघडला. "सूऽऽ." बाहेर मामा ऐकत व्हते. घराला दार एकच. मी कॅन पाठीमागं लपवून त्यांच्यापुढनं निघालो. एवढा मोठा कॅन माझ्यासारख्या किडकिड्याच्या पाठीमागं लपतो व्हय? "ताजं आणतो," म्हणालो आन् टेकाड उतरून पळत सुटलो.

नळ कवाच गेला व्हता. द्वारकाबाई दारात तांदूळ निवडत व्हती. मला धाप लागलेली. कसंबसं सांगितलं, की सासरे लेकीच्या घरचं पहिलं पाणी प्यायला आलेत आन् घरात थेंब नाय. मला वाटलं आता गल्ली गोळा करून हसंल. ती ताडकन उठली. "आन् हे नेतो का कॅनमधी? रॉकेल हाय का ते?" तिनं पितळी तांब्या राखेनं घासला, तिच्या रांजणातलं पाणी गाळून भरला, डोक्यावर पदर घेतला आन् माझ्यापुढं चालायला लागली. मी म्हणालो, द्या, मी नेतो. तर म्हणाली, "लेकीच्या घरचं पाणी बाईच्या हातनं द्यावं लागतं. तुझी लेक अजून रांगंना, मग मीच येती."

साठीची बाई ते टेकाड चढली, सखू. दोनदा थांबली, तांब्या खाली ठेवला नाय. मामांच्या पुढं तांब्या धरून म्हणाली, "घ्या दादा." मामांनी माझ्याकडं बघितलं, "ह्या कोण?" तीच म्हणाली, "शेजारीण." तिचं घर कुठं खाली, ठिपक्याएवढं दिसत व्हतं, पण ती म्हणाली, शेजारीण.

मामांनी तांब्या दोन्ही हातांनी वर धरला आन् वरनं धार सोडली ती थांबलीच नाय. मिशा भिजल्या, सदरा भिजला, डोळे बी भिजले, त्यातलं तांब्यातलं किती ते मला ठाऊक नाय. मी भिंतीला टेकून उभा राहिलो आन् मला रडू आलं. जरा वेळानं तोंड धुवायला म्हणून नळाकडं गेलो. आता बोल.

द्वारकाबाई जाताना एवढंच म्हणाली, "आमच्याकडची खोली अजून रिकामीच हाय. तू तवा सायकल वळवून पळालास ती." म्हणजे तिला ते बी ठाऊक व्हतं.

मामांनी पटका बांधला. घोंगडी गुंडाळली, काखेत मारली, निघाले. नातीसाठी आणलेली घोंगडी परत नेली, सखू. मला वाटलं, घर पसंत नाय. त्यात काल द्वारकाबाई तिचा तांब्या शोधत वर आली. सारं घर पालथं घातलं, तांब्या नाय. आता गल्लीत मी टेकाडावरची वहिनी तर हायच, तांब्याचोर बी झालो.

तुम्ही दोघी नको झालाय असं परत लिहू नको. मला दुसरं काय बी नको, तुम्हीच पाहिजे. येतीस का नाय, एवढंच कळव. पोहता मला अजून बी येत नाय.

त्रिंबक

*

अजिंठा
२ फेब्रुवारी १९८६

अहो,

आबा आले ते घोंगडी काखेत घेऊनच. मी घाबरून पुढं पाणी ठेवलं तर म्हणाले, "नको, तहान नाय. पोटभर पिऊन आलोय." मी विचारलं, पाणी कसं व्हतं? "गोड." आन् घर? तर म्हणाले, "घर मी बघितलं नाय. टेकाड बघितलं. घर खालच्या गल्लीत हाय."

मग तुमचं पत्र आलं. मी वाचून दाखवलं, बादलीपाशी आले तवा आबा इतके हसले की ठसका लागला. म्हणाले, "मला कॅन दिसला व्हता. पोराचा चेहरा बघून बोललो नाय. चूक त्याची नाय. मेंढराची अक्कल मी दिली, माणसाची त्यानं कुठनं आणायची?" मग दुसरीकडं बघत म्हणाले, "पण सखू, एका तांब्यासाठी जो तसा पळतो, त्याच्याकडं तू तहानेली राहायची नाय." आबा रडत व्हते. मी बी रडले. पुतळी आमच्याकडं बघून हसत व्हती.

उंचावर बघा म्हणून मी लिहिलेलं ते पत्र फाडून टाका. त्यावर माझी सही हाय.

आन् तुम्ही चोर नाय. चोर आबा हायत. त्या घोंगडीत तांब्या गुंडाळून आणलाय. मी म्हणाले, आबा, बिचाऱ्या बाईचं भांडं उचलून आणलं? तर म्हणतात, "मुद्दाम आणलं. दुसऱ्याचं भांडं परत करायला माणसाला जावंच लागतं. आन् रिकामं देता येत नाय."

तर तांब्यात तूप भरलंय, वर फडकं बांधलंय. मंगळवारी, अकरा तारखेला, दुपारच्या यष्टीनं मी, पुतळी, घोंगडी आन् तांब्या येतोय. तुपाचा तांब्या घेऊन टेकाड चढायला मी काय येडी नाय. सोमवारच्या आत खालची खोली घ्या. कडूबाला चावी देताना तुमचा तो पितळी नळ शेवटचा पुसून द्या.

आन् बुधवारी सकाळी लाइनीत तुम्ही उभं राहायचं नाय. द्वारकाबाईंना सांगून माझा नंबर लावून ठेवा. भांडायचं माझं मी बघते.

सखू